एकाच गावात आठ दिवस

आमच्या भिशीत सध्या एक वाक्य फार ऐकू येतं. "आमचं युरोप झालं." झालं म्हणजे काय झालं? धुणं झालं, भाजी निवडून झाली, तसं युरोप झालं! पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया व्हायचंय. मग मोबाइलमधले फोटो फिरतात. आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, बर्फ, पुन्हा बर्फ. रोम कसं वाटलं गं, असं विचारलं की उत्तर येतं, "छान आहे, पण फार पळवलं हो त्या दिवशी."

बारा दिवसांत सात देश म्हटल्यावर पळवणारच. त्यात कुणाचा दोष नाही. आणि टूर कंपन्यांना नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाहीये. उलट त्यांचे आपल्यावर, म्हणजे बायकांवर, उपकारच आहेत. 'केसरी'ने 'माय फेअर लेडी' नावाने फक्त बायकांच्या सहली काढल्या, इतरांनीही तसल्या काढल्या, आणि नवरा, मुलं, सासूबाई यांतलं कुणीही बरोबर नसताना बाई विमानात बसू शकते, हे आमच्या नगरच्या घराघरांत पोचलं. त्याआधी बाईचा एकटीचा प्रवास म्हणजे माहेर, नाहीतर मुलीचं बाळंतपण. मग ते बाळंतपण श्रीरामपूरला असो की न्यू जर्सीला!

पण एक गोष्ट मला खटकते. अशा सहलीत बाईला सुट्टी मिळत नाही, नुसतं वेळापत्रक बदलून मिळतं. घरी पाचला उठायचं कारण दूध, डबे, पाणी येण्याची वेळ. तिथे पाचला उठायचं कारण साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, सातला नाश्ता, साडेसातला बस. घरी कुकरच्या शिट्टीवर चालायचं, तिथे टूर लीडरच्या. आपण काय पाहायचं, किती वेळ पाहायचं, कुठे जेवायचं, कधी बाथरूमला जायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. ज्या बाईचा उभा जन्म दुसऱ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेला, तिने स्वतःचे पैसे भरून पुन्हा तेच का विकत घ्यावं?

माझं म्हणणं साधं आहे. एक शहर निवडावं. जुनं असावं, पायी फिरता येईल एवढं असावं, आणि शक्यतो ज्याचे फोटो अख्ख्या कॉलनीने आधीच पाहिलेले नसावेत. तिथे आठ दिवस राहावं. दोघी-तिघींनी जावं, तिकीट आपण काढावं, खोली आपण ठरवावी. बस्स.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. मराठीत मीना प्रभूंनी ते करून दाखवलं आणि लिहूनही ठेवलं. २०२५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा आमच्या वाचनालयातली त्यांची पुस्तकं पुन्हा एकदा हातोहात फिरली. व्यवसायाने डॉक्टर, संसार लंडनला, आणि प्रवास असा की 'दक्षिणरंग' म्हणजे दक्षिण अमेरिका, मग 'मेक्सिकोपर्व', 'चिनी माती', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी'. एकेका देशावर एकेक जाडजूड पुस्तक! पंचवीस माणसांच्या घोळक्यामागे धावत असं पुस्तक लिहून होत नाही. त्यासाठी एखाद्या चौकात मुकाट्याने बसून राहावं लागतं, रस्ता विचारावा लागतो, परक्या माणसाच्या घरी चहा प्यावा लागतो. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ही पुस्तकं दुपारच्या झोपेच्या वेळात वाचली आहेत. वाचून उसासा टाकला आणि म्हटलं, "त्यांचं ठीक आहे, त्या लंडनला राहायच्या."

बरं, मग त्याच्याही मागे जाऊ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि नवरा बरोबर नव्हता. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तिथून पुढे अमेरिकेला, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. पार्वतीबाई आठवल्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही. महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, विधवा, पन्नाशीकडे झुकलेल्या, इंग्रजी जेमतेम. १९१८ मध्ये त्या संस्थेसाठी निधी जमवायला आणि इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. या तिघींपैकी कुणीही हौसेने फिरायला गेली नव्हती, हे खरं. शिकायचं होतं, संस्थेचं काम होतं. बाईने नुसतं पाहायला म्हणून जावं, ही गोष्ट फार अलीकडची. अजूनही ती सगळ्यांच्या गळी उतरलेली नाही. "कशाला जाताय?" या प्रश्नाला "सहज" हे उत्तर बाईने द्यायचं नसतं. देवाला जाते म्हणा, नातवाला भेटायला जाते म्हणा, कुणी हरकत घेणार नाही.

आम्हा नगरकर बायकांना तरी हे नवल वाटायला नको. एकट्या फिरणाऱ्या बायका आपण लहानपणापासून पाहतोय. अरणगावला मेहेराबादेत मेहेरबाबांची समाधी आहे. १९६९ मध्ये त्यांनी देह ठेवला, तेव्हापासून ३१ जानेवारीच्या अमरतिथीला जगभरातून माणसं येतात. पण त्या गर्दीपेक्षा मला वर्षभर येऊन-जाऊन असणाऱ्या बायका जास्त आठवतात. साठीच्या, सत्तरीच्या, अंगात सुती सलवार-कमीज, खांद्याला झोळी. रिक्षातून कापड बाजारात यायच्या, परकराचं कापड बोटांनी चाचपून बघायच्या, पेरूवाल्याशी घासाघीस करायच्या. घाई कसली म्हणून नाही. आई पदर तोंडाला लावून म्हणायची, "एवढ्या लांबून एकटी कशी आली असेल गं ही? घरी कोणी नाही का हिला?" त्या भक्तीने यायच्या, पर्यटनाला नाही, हे मान्य. पण महिना-महिना नगरला राहून त्यांनी हे गाव जसं पायाखाली घातलं, तसं इथे जन्म काढलेल्या कितीजणींनी घातलंय?

आणि त्यांच्याही आधी आलेली सिंथिया फरार. १८२७ मध्ये लग्न न झालेली ही अमेरिकन बाई मुंबईला उतरली, १८३९ पासून नगरला राहून मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला नगरला आल्या, त्या तिच्याकडेच.

आता आमचं सांगते. आम्ही तिघी बुखाऱ्याला गेलो होतो. उझबेकिस्तानातलं बुखारा. भिशीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न, "ते कुठे आलं?" दुसरा, "तिथे आहे काय?" दिल्लीहून ताश्कंदला विमान तीन तासांत पोचतं. नगरहून मुंबईचा विमानतळ गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो! ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. ताश्कंदला एक रात्र राहून लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्याला नमस्कार केला आणि रेल्वेने बुखारा गाठलं.

या गावाच्या मधोमध एक हौद आहे. त्याचं नाव 'लब-ए-हौज', म्हणजे हौदाचा काठ. हौज आणि आपला हौद, शब्द एकच. १६२० मध्ये बांधलेला, दगडी पायऱ्यांचा, काठाला जुनी तुतीची झाडं. जवळच गाढवावर बसलेला मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा, आणि त्या गाढवावर चढून फोटो काढून घेणारी पोरं. सगळ्या मध्य आशियाला नसरुद्दीन आपलाच वाटतो, आपल्याला बिरबल वाटतो तसा. पूर्वी गावात असे पुष्कळ हौद होते. त्यांतून रोगराई पसरायची म्हणून सोव्हिएत काळात बहुतेक बुजवले, हा राहिला.

बघण्यासारखं म्हणून जे असतं ते दोन दिवसांत बघून झालं. ११२७ चा उंच कल्याण मिनार, सामानींची विटांची नाजूक कबर, चौकाचौकांवर घुमट टाकून केलेले जुने बाजार. त्यातल्या एका घुमटाचं नाव 'टोकी झरगरान', म्हणजे सोनारांचा घुमट. 'झर' म्हणजे सोनं, आपल्या जरीतली जर तीच. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातली एक कपडे करून, पर्स घेऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "आज काय करायचं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही म्हणजे?"

तिला खरंच कळेना. चौतीस वर्षं संसार, त्यातली तीस नोकरी. काही नाही असा दिवस तिने पाहिलेलाच नव्हता. आजारी पडली तरच काय तो. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत ती अस्वस्थ होती. दोनदा घरी फोन करून गॅस सिलिंडर आला का विचारलं. मग आम्ही हौदाच्या काठी जाऊन बसलो. किटलीतून दुधाशिवायचा हिरवा चहा आला, त्याबरोबर वर ठसे उमटवलेली गोल रोटी. तिला तिथे 'नॉन' म्हणतात. शेजारच्या बाकावर तीन म्हाताऱ्या सोन्याचे दात चमकवत कुणाची तरी चहाडी करत होत्या. भाषा कळत नव्हती, पण चहाडी आहे हे शंभर टक्के कळत होतं. त्यांनी आम्हाला हात करून बोलावलं. हिंदुस्तान म्हणताच राज कपूर निघाला. एकीने आमच्या मैत्रिणीच्या मंगळसूत्राला हात लावून बघितला, तिने तिच्या कानातल्याला. दुपारचा एक वाजला. उठायची घाई कुणालाच नव्हती, आणि सिलिंडर आला का ते मैत्रिणीने त्यानंतर विचारलं नाही.

आमच्यातल्या दुसरीचं सांगणं जास्त महत्त्वाचं आहे. तिचे गुडघे गेलेले. आधी एकदा ती मोठ्या ग्रुपबरोबर परदेशात जाऊन आली होती. ग्रुपचा वेग काही तिच्या गुडघ्यांसाठी कमी होत नव्हता. मग तिसऱ्या दिवसापासून, "काकू, तुम्ही बसमध्येच बसता का? आम्ही पटकन जाऊन येतो." तर ती बसमध्ये बसून राहायची. ड्रायव्हर डुलक्या घेतोय आणि ही काचेतून पार्किंग बघतेय. एवढे पैसे भरून! बुखाऱ्यात ती रोज एकच ठिकाण बघायची, मधे तीनदा बसायची आणि पाहिजे तेव्हा खोलीवर परत यायची. कुणी हिची वाट बघत ताटकळलेलं नाही, त्यामुळे हिला ओशाळं वाटायचं कारण नाही. स्वतःच ठरवून केलेला प्रवास म्हणजे तरण्या पोरींचं, पाठीवर सॅक टाकून करायचं धाडस, असा जो समज आहे ना, तो मला साफ उलटा वाटतो. ज्यांना पळता येतं त्यांनी खुशाल टूरने जावं. हळू प्रवासाची खरी गरज गुडघेवालीला आहे.

पण तिच्याच वाट्याला जास्त विरोध येतो. नवरा गेल्यावर तिला फॅमिली पेन्शन मिळते, पैसे तिचे आहेत. मुलगा चांगला आहे, काळजीनेच म्हणतो, "आई, जायचं तर टूरनेच जा, मी बुकिंग करून देतो." एका ट्रॅव्हल एजंटाने तर आम्हाला समोरासमोर विचारलं, "तुमच्याबरोबर जेन्ट्स कोण आहेत?" तिघींच्या वयाची बेरीज करून सांगितली असती तर बिचारा खुर्चीवरून पडला असता.

काळजी खोटी नसते. पासपोर्ट हरवू शकतो, पाय मुरगळू शकतो. म्हणून प्रवास विमा काढायचा, कागदांच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवायच्या, रोज रात्री एकाच ठरलेल्या माणसाला मेसेज टाकायचा. औषधांची चिठ्ठी बरोबर हवीच. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांना उझबेकिस्तानात बंदी आहे, हे आम्ही निघण्यापूर्वी वाचून ठेवलं होतं. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची थोडी ओढाताण होते. सब्जी मागितली तर गाजर येतं, कारण तिथल्या भाषेत 'सब्झी' म्हणजेच गाजर! पण टोमॅटो-कांद्याची आपल्यासारखी कोशिंबीर मिळते, भोपळा भरलेले समोसे मिळतात, आणि दशम्या-चटणी नेऊ नका असं कुणीच सांगितलेलं नाही. रात्री नऊला आम्ही तिघी जुन्या गल्ल्यांतून पायी खोलीवर यायचो. पोरं सायकली फिरवत असायची, बायका अंगणात पाणी मारत असायच्या. घरून फोन आला की मात्र पहिला प्रश्न तोच, "अजून बाहेरच?"

त्या हौदाच्या काठी बसून मला सारखी आठवत होती ती आपली फराहबाग. भिंगारजवळची. १५८३ मध्ये पुरा झालेला निजामशाहीतला तो महाल, चारी बाजूंनी तलाव आणि मधे घुमटाचा दालनवजा भव्य वाडा. म्हणजे बुखाऱ्याच्या हौदापेक्षा सदतीस वर्षांनी जुना. (ताजमहालाची कल्पना शहाजहानला यावरून सुचली, असं नगरमध्ये छातीठोकपणे सांगतात. त्यावर मी पैज लावणार नाही.) तलाव कोरडा, आत वटवाघळं. सावेडीकडचा बेहस्तबाग १५०६ चा. त्याच नावाचा 'हश्त बेहेश्त' महाल इराणच्या इस्फहानमध्ये आहे, तो १६६९ चा. तो बघायला जगभरातून माणसं जातात, आपला कुठे आहे हे रिक्षावाल्याला समजावून सांगावं लागतं. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराची तुलना जुन्या इतिहासकारांनी बगदाद आणि कैरोशी केली. खापरी नळांनी पाणी खेळवलेलं शहर हे. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ इथे ओतली, आणि ओतणारा होता रूमी, म्हणजे तुर्कस्तानकडचा. मलिक अंबर आला इथिओपियातून. आता कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, तोंडात अजून नगरच आहे. पण चांदबीबीचा महाल म्हणून आपण ज्या डोंगरावर डबा खायला जातो तो मुळात सलाबतखानाचा मकबरा आहे, हे आपल्यातल्या निम्म्या जणींना अजून ठाऊक नाही.

"मग आधी नगर बघा की, परदेश कशाला?" असं म्हणणारे लगेच पुढे येतील. मला हा युक्तिवाद पटत नाही. तो नेमका बायकांनाच ऐकवला जातो. दुबईला निघालेल्या पुरुषाला कुणी आधी फराहबाग पाहून ये म्हणत नाही. बुखारा पाहिलं म्हणून मला फराहबाग दिसली. घरच्या घरी ती पन्नास वर्षं रस्त्यावरून जाताना नुसती डोळ्यांवरून गेली असती.

पैशांचा प्रश्न खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या भिशीत बहुतेकींचा नंबर लागला की पाटल्या होतात, नाहीतर मुलाच्या गाडीचा हप्ता. आम्ही तिघींनी दोन वर्षं नंबर प्रवासाला ठेवला. तेवढंही जमत नाही अशा कितीतरी जणी आहेत. त्यांना मी बुखारा सांगत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे तर पूर्ण फुकट. आपल्याच जिल्ह्यात भीमेकाठचं पेडगाव आहे, तिथला बहादूरगड, म्हणजे आताचा धर्मवीरगड, आणि त्यातली यादवकालीन देवळं. अकोल्याकडे टाहाकारीचं जगदंबेचं देऊळ, रतनवाडीचा अमृतेश्वर. मुक्कामाला जावं, सकाळी जाऊन संध्याकाळी पळत परत येऊ नये. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर नुसतं बसून बघावं, किती वेळ बसवतंय ते. याच जिल्ह्यातल्या चौंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. प्रवासी थकतो, त्याला टेकायला जागा लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदाचा आमचा वाद वेगळाच आहे. गुडघेवालीला श्रीलंकेतलं अनुराधपूर हवंय. सपाट आहे, भात मिळतो आणि दगडी बाक भरपूर आहेत, असं तिने कुठेतरी वाचलंय. सिलिंडरवालीला व्हिएतनाममधलं होई आन हवंय, कारण तिथे शिंपी एका दिवसात कपडे शिवून देतात आणि गावातून नदी वाहते. ठरलेलं नाही. तोवर शनिवारची पेडगावची गाडी पकडायची आहे. श्रीगोंद्याहून पुढे काय मिळतं ते कंडक्टरला विचारू. आणि हो, मुलाने आईला यावेळी "बुकिंग करून देतो" म्हटलेलं नाही. "किती दिवस जाणार?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "बघू, आवडलं तर दोन दिवस वाढवू."